पांढरा वेगळा, फिका वेगळा

विघ्नांचे हरण करणाऱ्या श्रीगजाननाला प्रथम वंदन करतो आणि ज्याच्या उजेडावाचून डोळे असूनही माणूस आंधळा राहतो, त्या भगवान सूर्यनारायणाला अर्घ्य देऊन लिहायला बसतो. आज रथसप्तमी. निमित्त मात्र शेजारच्या घरचे आहे. तेथील सून बाळंत होऊन अठरा दिवस झाले. काल माझी नात ते बाळ पाहायला गेली आणि थोड्याच वेळात लालबुंद होऊन परत आली.

"आजोबा, मी त्यांना फक्त एवढंच विचारलं, की बाळाच्या शीचा रंग कसा आहे. सगळ्या माझ्याकडे अशा पाहायला लागल्या, जणू मी जेवणाच्या पंगतीतच विचारलं!"

"मग?"

"मग काय? आता तुम्हीच लिहून द्या. तुमचं कोणी हसण्यावारी नेत नाही."

ज्या गोष्टीत मी स्वतःचेच हसे करून घेतले, ती गोष्ट लिहिण्याचा अधिकार निःसंशय माझाच आहे. म्हणून लिहितो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या काळात आमच्या घाटंजीकडे कापसाला भाव नव्हता. आज ना उद्या चढेल या आशेने लोक कापूस विकत नसत, घरातच भरून ठेवीत. माझ्या जावयांचे गाव मुकुटबनच्या अलीकडे. त्यांच्या घरी दोन खोल्या आढ्यापर्यंत कापसाने भरलेल्या होत्या. उरलेल्या एका खोलीत पाच माणसे आणि त्या कापसाने अंगाला सुटणारी खाज. त्यामुळे आमची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, ती सव्वा महिना उलटला तरी आमच्याकडेच राहणार, असे दोन्ही घरांनी आनंदाने ठरवले होते. माझ्या आनंदाला पारावार नव्हता. शाळेतून निवृत्त झालो होतो, संस्कृत शिकवायला घरात कोणी उरले नव्हते, आणि आता एक संपूर्ण नवी विद्यार्थिनी आली होती.

तिसऱ्या दिवशी बाळ पिवळसर दिसू लागले. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक बाळांना अशी कावीळ होते आणि आपोआप उतरते. दोन आठवड्यांत उतरली नाही, तर मात्र पुन्हा आणा."

हे वाक्य मी नीट ऐकले होते. वहीत लिहूनही ठेवले होते. पण दोन आठवडे पुरे व्हायच्या आधीच आमच्या घरी हळद सुरू झाली. मालीश करणारी बाई रोज सकाळी येई. कोमट तेलात हळद कालवून बाळाला डोक्यापासून तळव्यापर्यंत अशी माखी, की ते पितळेच्या बाळकृष्णासारखे चकाकू लागे. मग डाळीच्या पिठाने अंघोळ, मग धुरी. बाळंतिणीच्या खोलीत वारा येऊ नये म्हणून खिडकीवर घोंगडी टांगलेली. आत एक मिणमिणता दिवा. अशा खोलीत अशा बाळाची कावीळ उतरली की नाही, हे ओळखणार कोण? विचारले की मालीशवाली आमच्याकडच्या बोलीत, 'ळ'चा 'य' करीत, ठसक्यात म्हणे, "सोनं हाय सोनं! सोनं पिवयं नाही राहीन तं काय कायं राहीन?"

आम्ही सगळे हसायचो. बाळ दूध छान पीत होते, वजन वाढत होते, मुठी आवळून झोपत होते. तक्रारीला जागाच नव्हती.

तक्रार एकीनेच केली. माझ्या पत्नीने. एके दुपारी मी ओसरीवर वाचत बसलो होतो. ती लंगोट धुऊन आली आणि हात पुसत म्हणाली, "अहो, ऐकता का? हिची शी पांढरट होते. आपल्या पोरांची कशी पातळ पिठल्यासारखी पिवळी असायची."

तर्कशास्त्रात एक सिद्धान्त आहे: कारणाचे गुण कार्यात उतरतात. पांढऱ्या तंतूंचे वस्त्र पांढरेच होते, निळे होत नाही. हा सिद्धान्त मी आयुष्यभर मुलांना शिकवला. तो त्या दिवशी घरात उपयोगी पडतो आहे, असे वाटून मला मोठी धन्यता वाटली.

"आपली मुले घुटी घेत, मध चाटत," मी म्हणालो. "ही निव्वळ आईच्या दुधावर आहे. दुधाचा रंग कोणता?"

"पांढरा."

"मग?"

ती आत गेली. मी पुन्हा ग्रंथात शिरलो. एवढेच नव्हे, तर त्या आठवड्यात भेटायला आलेल्या दोन-तीन नातलगांना मी कौतुकाने सांगितले, की आमच्या नातीचा आहार इतका सात्त्विक आहे, की तिचा मळसुद्धा शुभ्र आहे! आज हे वाक्य लिहितानाही कान गरम होतात.

आमच्या समोरच्या घरात एक बौद्ध गृहस्थ राहत. कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते, म्हणजे आलेल्या कापसाची प्रत ठरवणारे. त्या मंदीच्या दिवसांत यांच्याइतके शिव्या खाणारे माणूस तालुक्यात दुसरे नसेल. शेतकरी म्हणे, दुधासारखा पांढरा आहे. मग हे गृहस्थ मूठभर कापूस उचलून पत्र्याच्या शेडबाहेर उन्हात नेत, स्वतःची सावली पडणार नाही असे उभे राहत आणि शांतपणे म्हणत, "कवडी हाय, भाऊ." कवडी म्हणजे किडीने डागाळलेला कापूस. आवाज कधी चढवत नसत, पण शब्दही मागे घेत नसत. दर वर्षी हंगामात ते माझ्या देवपूजेच्या वातींसाठी निवडक कापसाची एक पिशवी आणून देत. त्यांच्या घरात मूर्तिपूजा नव्हती. तरी माझ्या देवापुढची वात धूर करू नये, याची काळजी त्यांना माझ्याहून अधिक होती.

त्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन आले. थंडी होती, म्हणून पत्नीने नुकतेच बाळाला अंघोळीआधी अंगणात कोवळ्या उन्हात आणले होते. तेवढ्यात बाळाने आपले काम उरकले. पत्नीने घाईत त्याच पिशवीतला कापूस ओढला आणि पुसायला घेतला.

"अहो, तो देवाचा कापूस!" मी म्हणालो.

"लेकरू बी देवाचंच हाय, गुरुजी," ग्रेडर हसले. आणि हसता हसता थांबले. पत्नीच्या हातातल्या कापसाकडे वाकून पाहू लागले. मग उकिडवे बसले.

"वहिनी, हे रोज असंच होते?"

"महिनाभर असंच आहे. हे म्हणतात, दूध पांढरं म्हणून."

मी घसा साफ करून सिद्धान्त सांगायला सुरुवात केली. त्यांनी आदराने ऐकून घेतले. मग म्हणाले, "गुरुजी, शास्त्र तुमचं. पण रंग माह्या धंद्याचा हाय. हा पांढरा नोहे. हा फिका हाय. पांढरा येगळा, फिका येगळा. पांढऱ्यात रंग असते. फिक्यात, जो असाले पाह्यजे तो रंग आलाच नाही."

मग त्यांनी बाळाच्या तोंडावर आलेले टोपडे जरा मागे सारले. बाळाने उन्हाने डोळे मिचकावले आणि उघडले.

"डोये पिवये हायेत."

"हळद आहे ती," मी म्हणालो. "रोज मालीश होते."

त्यांनी माझ्याकडे वर पाहिले. "डोयात हयद लावता का, गुरुजी?"

मालीश करणारी बाई तेल घेऊन दारात आलेली होती. ती वाटी हातात धरून उभीच राहिली. पत्नीने दोरीवरचा एक धुतलेला लंगोट ओढून आणला. लघवीचा गडद पिवळा डाग दोनदा साबण लावूनही गेला नव्हता. इतक्या लहान बाळाची लघवी पाण्यासारखी असावी लागते. कापडावर डाग पडू नये. हे तिला ठाऊक होते. चार मुले तिने वाढवली होती.

"चार पोरांचे लंगोट मी धुतले," ती मला हळूच म्हणाली. "तुम्ही एकही नाही. तरी मी तुमचं ऐकलं."

माझ्या साठ वर्षांच्या अध्ययनावर यापेक्षा नेमके भाष्य कोणी केलेले नाही.

"मी डाक्टर नाही," ग्रेडर उठत म्हणाले. "मी निस्ता रंग सांगतो. आजच यवतमायले न्या. अन् आत्ताचा भरलेला लंगोट न धुता संग न्या. नमुन्याबिगर कोणी ग्रेड लावत नाही."

सव्वा महिना, म्हणजे आमच्याकडे चाळीस दिवस, पुरा व्हायच्या आत बाळाने गावाची शीव ओलांडू नये, असा आमच्या घराचा रिवाज. त्या दिवशी बाळाचा एकोणचाळिसावा दिवस होता. बाळंतिणीच्या खोलीच्या दारात मी एक क्षण घुटमळलो, इतके मात्र खरे. मुलगी माझ्याकडे पाहत होती. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता ना, दूध पांढरं असतं म्हणून?" तिच्या आवाजात आरोप नव्हता. ती खरोखरच विचारत होती, जशी लहानपणी शब्दाचा अर्थ विचारायची.

"चुकलो, बाळ," मी म्हणालो. "चल."

यवतमाळच्या बालरोगतज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न केला, "शी कशी होते?" पत्नीने विजयी मुद्रेने पिशवीतून लंगोट काढून टेबलावर ठेवला. डॉक्टर तो खिडकीशी घेऊन गेले.

"हा आणायला कोणी सांगितलं?"

"कापसाच्या ग्रेडरने," मी म्हणालो.

ते हसले. "मग पुढच्या वेळी त्यांनाच माझ्या खुर्चीत बसवा." पण बाळाच्या पोटावर उजवीकडे बोटे टेकवताच त्यांचे हसू मावळले. यकृत हाताला टणक लागत होते. ते म्हणाले, "बाळांची साधी कावीळ वेगळी आणि अडलेल्या पित्ताची कावीळ वेगळी. रक्त तपासून दोन्ही वेगळ्या मोजता येतात. बाळ दूध पितं, वजन धरतं, म्हणून कोणाला संशय येत नाही. हा रोग फार सभ्य चेहऱ्याने येतो."

संध्याकाळी अहवाल आला. पित्त अडलेलेच होते. त्यांनी लगेच चिठ्ठी लिहून आम्हाला नागपूरला, लहान मुलांच्या शल्यचिकित्सक असलेल्या एका बाईंकडे पाठवले. जावई वेचणी सोडून आले आणि वर्ध्याला आमच्या गाडीत चढले. त्यांच्या सदऱ्याला ठिकठिकाणी कापूस चिकटलेला होता. मुलीने तो वेचून काढता काढता सगळे सांगितले.

शल्यचिकित्सक बाई चाळिशीच्या असाव्यात. सोनोग्राफी, आणखी रक्त, बाळाचे रक्त नीट गोठावे म्हणून इंजेक्शन, असे दोन दिवस गेले. मग त्यांनी आम्हाला समोर बसवले आणि कागदावर एक आकृती काढली. यकृतात पित्त तयार होते. ते एका बारीक नळीने आतड्यात उतरते, आणि त्याच पित्ताने शीला पिवळा रंग येतो. आमच्या बाळाची ती नळी बुजून दोऱ्यासारखी झाली होती. पित्त यकृतातच कोंडून यकृत आतून वाळवीत होते.

"ती बुजलेली नळी आम्ही काढून टाकतो," त्या म्हणाल्या, "आणि आतड्याचाच एक वळसा वर नेऊन थेट यकृताच्या दाराशी जोडतो."

जावयांनी आकृतीवर बोट ठेवले. "म्हंजे पाट बुजला, तं तुम्ही विहिरीच्या तोंडापाशीच दुसरा पाट आणून लावता?"

"अगदी तेच," त्या खूश होऊन म्हणाल्या. "तुम्ही शेतकरी ना? डॉक्टरीच्या विद्यार्थ्यांना एवढं लवकर कळत नाही." मग सरळ होऊन बोलल्या. "पण खोटं सांगणार नाही. पाट आम्ही जोडून देतो. पाणी वाहणं आमच्या हातात नाही. काहींचं पित्त चांगलं वाहतं, काहींचं थोडं, काहींचं नाही. वाहिलं तरी जन्मभर लक्ष ठेवावं लागतं. काहींना पुढे यकृतच बदलावं लागतं. जितकं लवकर, तितकी आशा जास्त. मंगळवारी करू."

माझा हात सवयीने पिशवीतल्या पंचांगाकडे गेला. पौष महिना, मंगळवार, आणि वर अमावास्या! चाळीस वर्षांत मी कोणाला त्या दिवशी साधी चूल मांडायलाही सांगितले नव्हते.

"आजोबा, काही अडचण?"

"बाई, तुमच्या मंगळवारी माझ्या पंचांगात अमावास्या आहे."

त्यांनी पेन खाली ठेवले. "माझ्या पंचांगात साठच दिवस आहेत. आज तिचा बेचाळिसावा."

शास्त्रात आपद्धर्म म्हणून एक प्रकरण आहे. ते मी शिकवले होते. माझ्या दारी ते कधी आले नव्हते. मी पंचांग मिटले आणि म्हणालो, "मग तेच पंचांग खरे."

मंगळवारी सकाळी बाळाला आत नेले. कागदावर नाव लिहायची वेळ आली तेव्हा कळले, की बाळाला नावच नाही. चांगला दिवस पाहून बारसे करू म्हणून मीच ते पुढे ढकलले होते. परिचारिकेने मुलीचे नाव लिहून पुढे 'हिचे बाळ' असे भरले. मी बाकावर बसून जप करू लागलो. तीन वेळा माळ हाती धरली आणि तिन्ही वेळा जप मधेच तुटला, कारण मनात मंत्राऐवजी ओसरीवर पत्नीला विचारलेला तो 'मग?' येत होता. अखेर मी माळ बाजूला ठेवली आणि नुसते हात जोडून बसलो. दुपार कलल्यावर बाई बाहेर आल्या. हातमोजे काढलेली त्यांची बोटे पाण्याने सुरकुतली होती. "जोडलं," त्या म्हणाल्या. "आता रंगाची वाट पाहा."

आणि मग आमची ती विलक्षण उपासना सुरू झाली. माझ्या बायकोने नियम केला, की बाळाचा कोणताही कपडा उजेडात नेऊन पाहिल्याशिवाय धुवायचा नाही. बाळंतिणीला बाळाजवळून हलणे नको. मग ते काम कोणी करायचे?

"तुम्ही," ती म्हणाली.

मी आयुष्यभर सोवळ्यात वावरलेला माणूस. स्वतःच्या चारही मुलांना मी अंघोळीनंतरच उचलले. त्या वयात मी दोन्ही हातांवर नातीचा लंगोट घेऊन वॉर्डाच्या लांब व्हरांड्यातून पूर्वेच्या खिडकीपर्यंत चालत जाऊ लागलो. वॉर्डातल्या बाया माझ्याकडे पाहून पदराआड हसत. एकीने विचारले, "बाबा, आज काय निकाल?"

"नापास," मी सांगत असे.

पहिले दोन दिवस तर काहीच नव्हते. तिसऱ्या दिवशी कणकेसारखे फिके. चौथ्या दिवशी मला जरा रंग वाटला. मी धावत बायकोला बोलावले. तिने पाहिले आणि मान हलवली. "तुम्हाला हवा आहे म्हणून दिसतोय. आता तर्क नको. नुसतं पाहा."

त्या दिवशी जावई जेवले नाहीत. मुलीने एकदाच विचारले, "नाही वाहिलं तर?" तिने बाळाला उचलून छातीशी घेतले आणि पाजू लागली. बाळ मात्र इतके मन लावून पीत होते, की आमच्या काळजीशी त्याचा काही संबंध नसावा.

पाचव्या दिवशी सकाळी परिचारिकेने गुंडाळी माझ्या हाती दिली. मी खिडकीशी गेलो. उघडण्याआधी डोळे मिटले, मग मलाच माझी लाज वाटली आणि उघडले. कापडावर हिरवट पिवळा रंग होता. पातळ पिठल्याचा. कोणत्याही सिद्धान्ताची गरज नसलेला, आंधळ्यालाही दिसावा असा रंग.

मी लंगोट खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि हात जोडले. मग वाकून नमस्कार केला. मागून बायकोचा आवाज आला, "अहो, सगळे बघताहेत!"

"बघू देत," मी म्हणालो.

तिने लंगोट उचलला, उजेडात उलटसुलट केला आणि एकदम पदर तोंडाला लावून हसायला लागली, की रडायला, ते मला अजून सांगता येत नाही. मग तो लंगोट पूर्ण वॉर्डातून मिरवत मुलीकडे गेला. ज्या बाया चार दिवस हसत होत्या, त्या एकेक करून उठून पाहायला आल्या. एका म्हातारीने तर कडाकडा बोटे मोडून दृष्ट काढली. बाळाची काढली असेल. पण मला वाटते, लंगोटाची.

डोळ्यांतला पिवळेपणा उतरायला आणखी कितीतरी आठवडे लागले. औषधे, जीवनसत्त्वे, ताप आला की त्याच दिवशी धावाधाव, हे सगळे आमच्या घरात ऋतूंसारखे रुळले. आजही दर वर्षी नागपूरला तपासणी असते, आणि यकृताबद्दल पूर्ण निश्चिंत व्हा, असे कोणीही आम्हाला सांगितलेले नाही. आम्हीही तशी हमी मागितलेली नाही. मिळाले तेवढे पुष्कळ आहे. बारसे आम्ही परतल्यावर केले. मुहूर्त पाहिला नाही. सगळे घरी होते, तो दिवस धरला. काल शेजारून लालबुंद होऊन परतलेली माझी नात ती हीच.

वाचकहो, तुमच्या घरी तान्हे बाळ असेल, तर चौदा दिवसांनंतर त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात पाहा. शीचा रंग पाहा, लघवीचा डाग पाहा. शंका आली तर हळद पुसा, पंचांग मिटा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि घरातली धुणारी बाई काही म्हणाली, तर पुस्तक खाली ठेवून ऐका.

तुमच्या अंगणात लेकरे खेळोत. त्यांच्या आयांना पोटभर अन्न आणि शांत झोप मिळो. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना चूक कबूल करण्याचे बळ, आणि ती सुधारण्यापुरता वेळ, परमेश्वर नेहमी देवो. कल्याणमस्तु.